पार्ट चांगला आहे, पण माझ्या मशीनला चालत नाही: खाजगी विक्रेत्याला तो परत कसा करायचा

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस नाहीतर एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून जुना प्रोसेसर, रॅम किंवा एसएसडी घेणं आता नवलाचं राहिलेलं नाही. नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि कंपन्यांनी बनवणं बंद केलेले पार्ट तर दुसरीकडे सहजी मिळतही नाहीत. भांडण सुरू होतं ते घरी आल्यावर. पार्ट लावला, बटण दाबलं, पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही. घेणारा म्हणतो, "चालत नाही, पैसे परत द्या." विकणारा म्हणतो, "माझ्याकडे कालपर्यंत चालू होतं." यात बरेचदा दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर वाद मिटत नाही.

नव्याने या बाजारात उतरणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. खाजगी विक्रेता त्याने जे सांगितलं त्याला बांधील असतो. तुम्हाला काय हवं होतं, त्याला नाही. तेव्हा तुमची गरज पैसे देण्याआधी त्याच्या मेसेजमध्ये उतरली पाहिजे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

समोरचा खरंच खाजगी आहे का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुकानातून जुना पार्ट घेतला, तर दुकानदार बहुधा काही दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देतो. तेवढ्या मुदतीत चाललं नाही तर बदलून मिळतं. घरात पडून असलेली वस्तू विकणाऱ्या माणसाकडे असं काही नसतं, आणि कायदाही त्याच्याकडून तशी अपेक्षा धरत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 धंदा करणाऱ्याला लागतो. ई-कॉमर्ससाठीचे 2020 चे नियम सांगतात की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. पण त्याच नियमांत सुरुवातीलाच सूट दिली आहे: एखादी व्यक्ती नियमित किंवा पद्धतशीर धंदा म्हणून नव्हे, तर स्वतःपुरता व्यवहार करत असेल, तर हे नियम तिला लागू नाहीत. कॉलेज संपल्यावर आपला पीसी विकणारा मुलगा या सवलतीत बसतो.

या सवलतीचा गैरफायदा घेणारेही आहेत. विक्रेत्याचं प्रोफाइल उघडून त्याच्या बाकीच्या जाहिराती पाहा. एकाच प्रकारच्या दहा-बारा वस्तू, फोटोत मागे रॅक, "स्टॉक उपलब्ध", "क्वांटिटी असेल तर रेट कमी" असं काही दिसलं, तर तो घरगुती विक्रेता नाही, दुकानदार आहे. त्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच वेळी काढून ठेवा, कारण वाद झाला की जाहिराती गायब होतात. तो धंदा करतो हे दाखवता आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोग हे दोन्ही रस्ते उघडतात. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार दोन वर्षांत करायची असते आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.

पैसे देण्याआधी काय पाहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

आधी स्वतःच्या मशीनची माहिती काढा. विंडोजमध्ये सर्चला 'सिस्टिम इन्फर्मेशन' टाका. तिथे 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीत मदरबोर्डचं, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डचं मॉडेल मिळतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडलं, की रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅम डेस्कटॉपची आहे की लॅपटॉपची हे कळतं. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, स्लॉटच नसतो. अशा लॅपटॉपसाठी रॅम शोधत बसण्यात अर्थ नाही. बोर्डचं मॉडेल हातात आलं की कंपनीच्या साइटवर त्या बोर्डची प्रोसेसर सपोर्ट लिस्ट फुकट पाहायला मिळते. ती पाहिल्याशिवाय जुना प्रोसेसर घेऊ नका.

ठराविक ठिकाणी लोक हमखास फसतात. त्यात मुद्दाम फसवणारा कुणी असतोच असं नाही.

पहिलं ठिकाण इंटेलचं 1151 सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर 1151, आणि आठव्या-नवव्या पिढीचेही 1151. नाव एक, आकार एक, प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसतोसुद्धा. पण आय5-8400 हा एच110 बोर्डवर चालत नाही. त्याला 300 मालिकेचा चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप) लागतो. "1151 आहे ना?" असं विचारलंत आणि विक्रेता "हो" म्हणाला, तर तो अक्षरशः खरं बोलला. चूक प्रश्नात होती.

दुसरं म्हणजे ग्राफिक्स नसलेले प्रोसेसर. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय5-10400एफ, तर त्यात आतलं ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन 5 5600 मध्येही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये हे लावले, तर पंखा फिरणार, दिवे लागणार, पडदा मात्र काळाच. "प्रोसेसर डेड पाठवला" म्हणून झालेल्या भांडणांमागे बरेचदा एवढंच निघतं.

तिसरं ठिकाण जरा जवळून पाहण्यासारखं आहे, ते म्हणजे सर्व्हरची रॅम. मोठ्या कंपन्या जुने सर्व्हर मोडीत काढतात, त्यातली 16 जीबीची डीडीआर4 स्टिक बाजारात फार स्वस्तात येते. ती साध्या डेस्कटॉपच्या डीडीआर4 स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, क्लिपही 'टक्' आवाज करून लागते, पण मशीन चालू होत नाही. ओळखायचं कसं? स्टिकरचा फोटो मागा आणि झूम करा. '16जीबी 2आरएक्स4 पीसी4-2400टी-आरए1' अशी काहीतरी ओळ दिसेल. वेगाच्या आकड्यानंतरच्या, इथे '2400टी' नंतरच्या, डॅशपुढचं अक्षर बघा. तिथे 'आर' असेल तर ती रजिस्टर्ड म्हणजे सर्व्हरची, 'यू' असेल तर डेस्कटॉपची, 'एस' असेल तर लॅपटॉपची. मधे 'एक्स4' दिसलं तरी सावध व्हा, तसल्या स्टिक जवळपास नेहमी सर्व्हरच्याच असतात. गेमिंगवाल्या रंगीत रॅमवर ही ओळ नसते. तिथे पार्ट नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर तपासा.

एसएसडीत एम.2 चा घोळ आहे. एम.2 हा फक्त आकार झाला. त्याच्या आत साटा असू शकतं किंवा एनव्हीएमई, हे जोडणीचे दोन वेगळे प्रकार. स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर साटावाली एसएसडी बसेल पण डिटेक्ट होणार नाही, आणि उलटही तसंच. लांबीही बघा: 2280 म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 लांब. छोट्या लॅपटॉपला 2242 किंवा 2230 लागते. लॅपटॉपच्या चार्जरला व्होल्टेज आणि पिनची जाडी जुळायला हवी, वॅट तेवढे किंवा जास्त हवेत. काही कंपन्यांचे लॅपटॉप तर चार्जर त्यांच्या ओळखीचा नसला की बॅटरी चार्ज करायलाच नकार देतात.

एवढं तपासून झालं की विक्रेत्याला लेखी विचारा. फोनवर बोलणं झालं असलं तरी पुन्हा लिहा. साधारण असं:

"नमस्कार दादा. माझा बोर्ड गिगाबाइटचा एच110 आहे, त्यावर सध्या आय3-6100 चालू आहे. तुमचा प्रोसेसर त्यावर लावायचा आहे. तुम्ही तो कुठल्या बोर्डवर वापरत होता? वरच्या नावाचा आणि मागच्या बाजूचा फोटो पाठवाल का? आल्यावर दोन दिवसांत चालला नाही, तर परत घ्याल का? कुरियर दोन्ही वेळचं माझ्याकडे."

या मेसेजने तीन कामं होतात. तुमची गरज नोंदली जाते. विक्रेता जाणकार असेल तर तिथेच सांगतो, "एच110 ला कुठला प्रोसेसर चालतो ते बघून घ्या." आणि परतीची अट पैशांआधी ठरते. तो "परत घेणार नाही" म्हणाला तर त्यात राग येण्यासारखं काही नाही. ती त्याची अट आहे. मग किंमत त्या हिशेबाने कमी मागा, नाहीतर जाऊन स्वतः तपासून घ्या.

जाऊन तपासणं सगळ्यात उत्तम. त्याच्या मशीनमध्ये पार्ट चालू दाखवायला सांगा. रॅम-प्रोसेसरसाठी सीपीयू-झेड आणि एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि पाच मिनिटांत बरंच काही सांगून जातात. शक्य असेल तर आपलं मशीनच उचलून न्या. लोक यात उगाच संकोच करतात.

पैसे देताना

यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. रिमार्कमध्ये वस्तूचं नाव लिहा. 'टोकन' म्हणून आधी थोडे पैसे मागितले तर ते परत मिळणारे की नाही, ते लिहून घ्या. ओएलएक्स किंवा मार्केटप्लेसवर ओळख झाली आणि पैसे थेट दिले, की ॲपचा त्या पैशांशी संबंध उरत नाही. फार तर ते विक्रेत्याचं खातं बंद करतील. बँकही यूपीआयने स्वखुशीने दिलेले पैसे "पार्ट बसला नाही" म्हणून परत ओढून आणत नाही.

पार्सल आलं की

फोडण्याआधी पाकिटाच्या सगळ्या बाजू, कुरियरचा कागद आणि वजन दिसेल असा व्हिडिओ सुरू करा आणि पार्ट बाहेर येऊन त्याचा सीरियल नंबर दिसेपर्यंत तो थांबवू नका. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोतला नंबर आणि हातातला नंबर जुळतो का, ते तिथेच बघा. स्टिकर काढू नका. बसत नसेल तर जोर लावू नका. एएमडीच्या एएम4 सॉकेटच्या प्रोसेसरची वाकलेली एक पिन तुमचा सगळा दावा संपवते, कारण ती कुणी वाकवली हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

आलेला पार्ट त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावून बघा. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 41 प्रमाणे माल तपासण्याची रास्त संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं धरत नाहीत. कलम 42 त्याची दुसरी बाजू सांगतं: काही न कळवता रास्त मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं समजतात. महिनाभर कपाटात पडलेला पार्ट दिवाळीच्या सुट्टीत लावून पाहिला आणि मग तक्रार केली, असं व्हायला नको.

चाललं नाही: खराब आहे की जुळत नाही?

हा फरक कळण्याआधी विक्रेत्याला एक शब्दही लिहू नका. "खराब माल दिलास" असा पहिला मेसेज गेला आणि नंतर कळलं की आपल्याच बोर्डला बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट हवी होती, तर पुढचं कुठलंही म्हणणं समोरचा ऐकून घेणार नाही.

बायोसचं उदाहरण घ्या. बी450 बोर्डवर रायझन 5000 मालिकेचे प्रोसेसर चालतात, पण बायोस जुनी असेल तर डिस्प्ले येत नाही. जुना प्रोसेसर परत लावायचा, बायोस अपडेट करायची, मग नवा लावायचा. परतीचा प्रश्नच मिटला. ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरचंही तेच. एखादं साधं कार्ड तात्पुरतं लावून बघा.

यातलं काही लागू पडलं नाही, तर पार्ट दुसऱ्या मशीनवर तपासा. मित्राकडे नसेल तर गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे न्या. थोडे पैसे घेऊन तो तपासून देतो. त्याच्याकडून बिलावर किंवा लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या: पार्टचं नाव, सीरियल नंबर, कुठल्या बोर्डवर लावला, चालला की नाही. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

आता तीनपैकी एक निघेल.

दुसरीकडेही चालला नाही, तर पार्ट खराब आहे. "चालू स्थितीत" असं सांगून विकला असेल तर तुमची बाजू भक्कम.

दुसरीकडे चालला, पण तो जाहिरातीत सांगितलेला पार्टच नाही. 'डेस्कटॉप रॅम' म्हणून सर्व्हरची रॅम आली, एनव्हीएमई म्हणून साटा आली. इथेही तुमची बाजू भक्कम. मालविक्री कायद्याचं कलम 15 म्हणतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, आणि हे कलम दुकानदारापुरतं नाही, खाजगी विक्रेत्यालाही लागतं.

तिसरं: दुसरीकडे चालला, वर्णनाप्रमाणेच आहे, फक्त तुमच्या मशीनला जुळत नाही. इथे हक्क म्हणून काही मागता येत नाही. कलम 16 प्रमाणे वस्तू अमुक कामाला योग्य असेल अशी गृहीत हमी मिळते, पण ती त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून. खाजगी विक्रेता त्यात येत नाही.

तुम्ही बोर्डचं नाव सांगून विचारलं होतं आणि तो "चालेल, बिनधास्त घ्या" म्हणाला होता, असं असेल तर? मग तुमच्याकडे काहीतरी आहे. चुकीची माहिती भाबडेपणाने दिली, तरी करार कायदा, 1872 तिला मिथ्या निवेदन मानतो, आणि करार रद्द करता येतो. पण कलम 19 मध्ये एक पळवाट आहे: साधी काळजी घेऊन तुम्हाला सत्य कळण्यासारखं असेल, तर हा आधार मिळत नाही. विक्रेता म्हणेल, "सपोर्ट लिस्ट कंपनीच्या साइटवर आहे, बघायची होती." म्हणून माझ्या मते हे वाटाघाटीत वापरायचं हत्यार आहे, कोर्टात न्यायचं नाही.

पहिला मेसेज कसा लिहावा

आधी फोन करा. बरेच लोक मेसेजमधल्या कायद्याच्या भाषेने बिथरतात आणि ब्लॉक करतात. फोनवर तोच माणूस नीट बोलतो. बोलणं झालं की ठरलेलं लगेच लिहून पाठवा.

वर्णनच चुकीचं असेल तर असं लिहा:

"दादा, आत्ता बोलल्याप्रमाणे: रॅम आज दुपारी मिळाली. जाहिरातीत डेस्कटॉप रॅम लिहिलं होतं, आलेली रजिस्टर्ड म्हणजे सर्व्हरची आहे. स्टिकरचा फोटो, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि दुकानात तपासल्याचा कागद सोबत आहे. रॅम जशी आली तशी परत पाठवतो. 4,000 रुपये आणि परतीचं कुरियर द्यावं ही विनंती. रविवारपर्यंत कळवा."

चूक तुमच्याकडची असेल तर सूर वेगळा ठेवा, आणि चूक कबूल करायला लाजू नका:

"दादा, प्रोसेसर चांगला आहे, तुमची काही चूक नाही. माझ्या बोर्डला सपोर्ट करत नाही, हे मी आधी बघायला हवं होतं. परत घेणार असाल तर कुरियर माझं, वर 300 रुपये तुम्ही कापून घ्या. जमत नसेल तरी हरकत नाही, तुमची जाहिरात आणि फोटो वापरून मी पुढे विकू का?"

दुसऱ्या मेसेजला उत्तर बहुधा चांगलं येतं. माणसाला दोषी ठरवलं नाही की तो मदत करायला तयार होतो. परत घेतलं नाही, तरी त्याच्याकडचं जुनं बिल, बॉक्स किंवा दुसरा गिऱ्हाईक मिळून जातो. खरं तर न जुळणाऱ्या चांगल्या पार्टचं सगळ्यात शहाणपणाचं उत्तर हेच: तो पार्ट चालेल असा बोर्ड असलेल्या कुणाला तरी त्याच किमतीला विकून मोकळं व्हायचं. परतीच्या भांडणात जाणारा वेळ आणि दोनदा लागणारं कुरियर धरलं, तर शे-दोनशेचा तोटा परवडतो.

"नो रिटर्न" लिहिलं होतं

जवळपास प्रत्येक जाहिरातीत हे असतं. तुमचा विचार बदलला, पार्ट तुमच्या मशीनला बसला नाही, रंग आवडला नाही, यासाठी ही ओळ विक्रेत्याला पुरेसं संरक्षण देते. जाणूनबुजून खोटं सांगून विकलेल्या मालाला मात्र ती वाचवत नाही. बंद पडलेली एसएसडी "एकदम मस्त चालू" म्हणून विकायची आणि मग "नो रिटर्न" दाखवायचं, याला करार कायदा कपट म्हणतो.

परत पाठवताना

सगळ्यात जास्त अविश्वास इथे असतो: आधी पैसे की आधी वस्तू? एकाच शहरात असाल तर भेटून दोन्ही एका वेळी करा. स्टेशनवर, मॉलमध्ये, कुठेही चार माणसांत. विक्रेत्याला वस्तू तपासायला वेळ द्या.

लांब असाल तर मी निम्मे आधी, निम्मे मिळाल्यावर असं सुचवतो. तो काहीच आधी द्यायला तयार नसेल आणि वस्तू वर्णनाशी जुळत नसेल, तर कलम 43 लक्षात ठेवा: माल नाकारण्याचा हक्क असताना तुम्ही तो नाकारला, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास माल परत पाठवण्याचं बंधन तुमच्यावर नाही, नाकारल्याचं कळवणं पुरतं. वस्तू जपून ठेवा, वापरू नका, त्याला येऊन घेऊन जायला सांगा. वापरत राहिलात तर नाकारली असं म्हणता येणार नाही.

पॅकिंग करताना पुन्हा अखंड व्हिडिओ, सीरियल नंबरपासून टेप लागेपर्यंत. रॅम-एसएसडी अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत, प्रोसेसर त्याच्या प्लास्टिकच्या खोक्यात. ते नसेल तर कडक डबीत, साध्या थर्माकोलमध्ये पिना खुपसून नको. स्पीड पोस्ट किंवा ट्रॅकिंग असलेलं कुरियर वापरा आणि पावती फोटोसकट ठेवा.

आणि एक सापळा. "रिफंड पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

ऐकतच नसेल तर

जाहिरात, चॅट, व्हिडिओ, पावत्या, तपासणीचा कागद एका फोल्डरमध्ये ठेवा. चॅटवर 'डिसअपिअरिंग मेसेज' चालू असेल तर आधी बंद करा आणि चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबून मूळ चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला तर ते सोपं जातं.

मग ॲपवर तक्रार करा. त्यानंतर एक साधी लेखी नोटीस, त्याचा पत्ता माहीत असेल तर स्पीड पोस्टाने: काय घेतलं, काय सांगितलं होतं, काय आलं, किती पैसे हवे, किती दिवसांत. वकील लागतोच असं नाही.

तरीही काही झालं नाही, तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे, इतर जिल्ह्यांतही बहुधा न्यायालयाच्या आवारातच. कोर्टात दावा न टाकताही तिथे लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो, फी नसते, आणि समोरच्याला बोलावणं जातं. चार-पाच हजारांच्या वादाला हा रस्ता मला सगळ्यात योग्य वाटतो. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे खरी, पण एवढ्या रकमेसाठी तारखांच्या फेऱ्या मारण्यात राम नाही.

पोलिसांकडे कधी जायचं? पार्ट जुळला नाही म्हणून नाही. ठाण्यात "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. पैसे घेऊन वस्तू पाठवलीच नाही, डब्यात दगड आला, दुसऱ्याच्या नावाने खातं काढून विकलं, म्हणजे सुरुवातीपासून फसवायचंच होतं, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक. तेव्हा वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

चिडून त्याचा नंबर, फोटो आणि घरचा पत्ता ग्रुपवर टाकणं मात्र टाळा. तुमचं म्हणणं खरं असलं तरी बदनामीच्या तक्रारीला निमित्त मिळतं, आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

भारताबाहेर राहत असाल तर

इंग्लंडमध्ये चित्र बरंचसं असंच आहे, कारण आपला 1930 चा कायदा तिथल्या 1893 च्या कायद्यावर बेतलेला आहे. ऑनलाइन खरेदीनंतरचा 14 दिवसांचा परतीचा हक्क तिथेही दुकानदाराविरुद्ध असतो, खाजगी विक्रेत्याविरुद्ध नाही. त्याच्याकडून वस्तू वर्णनाप्रमाणे असावी एवढीच अपेक्षा. फरक ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटमुळे पडतो. पैसे ईबेतूनच दिले असतील, तर वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूसाठी त्यांची मनी बॅक गॅरंटी खाजगी विक्रेत्यालाही लागते. तुमच्या मशीनला बसत नाही, हे कारण मात्र तिथेही चालत नाही.

विकणारे तुम्ही असाल तर

हे सगळं उलट्या बाजूनेही वाचा. सीरियल नंबर दिसणारे फोटो काढून ठेवा. तुमचा चांगला पार्ट ठेवून घेऊन स्वतःचा बिघडलेला परत पाठवणारे महाभाग असतात. कोपऱ्यात मार्करने छोटी खूण करा आणि तिचाही फोटो घ्या. "माझ्या बोर्डवर चालेल का?" याला खात्री नसताना "चालेल" म्हणू नका. "मी अमुक बोर्डवर वापरला, तुमच्या बोर्डची लिस्ट तुम्ही बघा" एवढंच उत्तर द्या. जाहिरात अशी असली की निम्मे वाद होतच नाहीत:

"इंटेल आय5-8400. तीन वर्षं घरच्या पीसीत, बी360 बोर्डवर वापरला. चालू आहे, व्हिडिओ पाठवतो, घरी येऊन तपासा. एच110, बी150, एच170, झेड170, बी250, एच270, झेड270 बोर्डवर चालत नाही. फॅन नाही, बॉक्स नाही, वॉरंटी संपली आहे. आल्यावर दोन दिवसांत खराब निघाला तर परत घेईन. तुमच्या बोर्डला सपोर्ट नाही म्हणून परत घेणार नाही. कुरियर तुमच्याकडे."